चंद्र पडतच असतो

चंद्र पृथ्वीवर का पडत नाही, असं शाळकरी मुलाला विचारलं तर बहुतेक वेळा एक ठरलेलं उत्तर मिळतं. पृथ्वी चंद्राला गुरुत्वाकर्षणाने आत ओढते, अपकेंद्री बल त्याला बाहेर ढकलतं, दोन्ही बलं सारखी असतात, म्हणून चंद्र मधल्यामध्ये फिरत राहतो. वहीत आकृतीही असते. चंद्राच्या गोळ्यातून एक बाण आत, तेवढ्याच लांबीचा दुसरा बाण बाहेर. मोठी माणसंही हेच सांगतात, आणि सांगताना त्यांना शंका येत नाही, कारण 'समतोल' म्हटलं की आपलं समाधान होतं. पण हे उत्तर चूक आहे, आणि ती चूक किरकोळ नाही. एखाद्या वस्तूवरच्या दोन बलांनी एकमेकांचा परिणाम पुरता पुसून टाकला, तर ती वस्तू सरळ रेषेत जाते. चंद्र सरळ जात नाही, तो वळतो. एका क्षणाचीही उसंत न घेता वळत राहतो. वळणाऱ्या वस्तूवरची बलं समतोलात नसतात, हा यामिकीतला अगदी पहिला धडा आहे.

चंद्राला पृथ्वीभोवती फिरवणारं बल एकच, पृथ्वीची ओढ. त्या ओढीला अडवणारं तिथे काहीही नाही. म्हणून चंद्र पडतो, सतत पडतो. पोचत मात्र नाही, कारण पडता पडता तो आडवाही जात असतो, आणि आडवं जात राहण्यासाठी त्याला कोणी ढकलावं लागत नाही. या न ढकलता जात राहण्याच्या गुणाला जडत्व म्हणतात. ते बल नाही, त्याचा बाण काढता येत नाही. माझ्या मते सगळी अडचण इथे आहे. ओढ आपल्याला चटकन पटते, जडत्व पटत नाही. मग त्याची रिकामी जागा भरायला आपण एक खोटं बल उभं करतो.

गोफण चालवणाऱ्या माणसाला मात्र ही गोष्ट पुस्तकाशिवाय ठाऊक असते. ज्वारी हुरड्यात आली की मचाणावर उभं राहून पाखरं हाकायची ती गोफण. दोन दोऱ्या, मध्ये दगड बसेल अशी विणलेली खोबण. एका दोरीचा फासा बोटात अडकवलेला, दुसरीचं टोक चिमटीत धरलेलं. डोक्यावरून गरगर फिरवून चिमूट सोडली की गोफणगुंडा सुटतो. तो कुठे जातो ते नीट पाहा. हातापासून थेट बाहेरच्या दिशेला तो जात नाही. सुटण्याच्या क्षणी जिकडे चालला होता तिकडेच, म्हणजे वर्तुळाच्या स्पर्शिकेवरून, तो सरळ निघतो. म्हणूनच पाखरं समोरच्या कणसांवर असतील तर गुंडा समोर येईपर्यंत थांबून चालत नाही, तो बाजूला असतानाच सोडावा लागतो. बाहेर ढकलणारं बल खरोखर असतं तर नेम धरण्याची रीत वेगळी असती. फिरवताना हाताला बाहेर ओढ जाणवते, हे खरं. पण ती ओढ गोफणीने हातावर लावलेली आहे. गुंड्यावर दोरी जे बल लावते ते आतल्याच दिशेचं. दोरीच्या जागी गुरुत्वाकर्षण ठेवा, गुंड्याच्या जागी चंद्र, एवढं पुरे.

(वर्तुळात फिरणाऱ्या चंद्राबरोबर आपणही फिरतो आहोत असं मानून गणित मांडलं, तर समीकरणात अपकेंद्री बलाचं पद घालावं लागतं, आणि अभियंते ते बिनदिक्कत घालतात. ती हिशेबाची सोय आहे. चंद्राला बाहेर ओढणारं काही सापडलं, असा तिचा अर्थ नाही.)

जडत्व माणसाला इतकं अवघड का गेलं, हे समजण्यासारखं आहे. आपल्या अवतीभवती ढकलणं थांबलं की वस्तू थांबते. घर्षण दिसत नाही, थांबणं दिसतं. अ‍ॅरिस्टॉटलने त्यावरून नियम केला की गती टिकवायला कोणीतरी चालवणारा हवा, आणि सुमारे दोन हजार वर्षं तो नियम टिकला. एवढंच काय, ग्रह लंबवर्तुळात फिरतात हे १६०९ मध्ये जगाला सांगणारा केप्लरही यातून सुटला नव्हता. सूर्य स्वतःभोवती फिरताना ग्रहांना पुढे रेटत नेतो, हा जोर थांबला तर ग्रह जागच्या जागी थांबतील, असं त्याला वाटे. त्याचे नियम अचूक होते, पण त्यांमागचं कारण चुकलं होतं. गॅलिलिओने उतारांवरून गोळे सोडून पाहिले आणि अडथळा नसेल तर गती आपोआप टिकते हे ओळखलं. देकार्तने १६४४ मध्ये त्यात महत्त्वाची दुरुस्ती केली. मोकळी सोडलेली वस्तू सरळ रेषेत जाते, वर्तुळात नाही. या एका वाक्याने प्रश्नच पालटला. ग्रहांना पुढे कोण ढकलतं, हे विचारायचं कारण उरलं नाही. त्यांना सरळ वाटेवरून सूर्याकडे वळवतं कोण, हा खरा प्रश्न झाला.

तो प्रश्न नेमक्या याच रूपात न्यूटनपुढे ठेवणारा माणूस रॉबर्ट हूक. १६७९ च्या पत्रव्यवहारात त्याने सुचवलं की ग्रहाची गती स्पर्शिकेवरची सरळ चाल आणि मध्यवर्ती पिंडाकडची ओढ, अशा दोन गोष्टींची मिळून बनलेली मानावी. हूकला सुचलं, पण सिद्ध करता आलं नाही. १६८४ च्या जानेवारीत खगोलशास्त्रज्ञ हॅली, हूक आणि वास्तुविशारद ख्रिस्तोफर रेन यांच्यात लंडनमध्ये यावरूनच चर्चा रंगली. अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटणारी ओढ असेल तर ग्रहाची वाट कोणत्या आकाराची होईल? सिद्ध करून दाखवणाऱ्याला रेनने चाळीस शिलिंग किमतीचं पुस्तक बक्षीस लावलं. कोणी पुढे आलं नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हॅली केंब्रिजला न्यूटनकडे गेला आणि हाच प्रश्न विचारला. न्यूटनने लगेच उत्तर दिलं की लंबवर्तुळ, आपण ते गणिताने काढलेलं आहे. त्या भेटीतून तीन वर्षांनी न्यूटनचा 'प्रिन्सिपिया' हा ग्रंथ जन्माला आला. रॉयल सोसायटीचा पैसा तेव्हा माशांवरच्या एका देखण्या ग्रंथात अडकला होता, म्हणून 'प्रिन्सिपिया'च्या छपाईचा खर्च हॅलीने स्वतःच्या खिशातून केला. विज्ञानाच्या इतिहासात इतका सत्कारणी लागलेला खर्च मला दुसरा आठवत नाही.

आता न्यूटनचं एक गणित आपणच करू. कागद-पेन्सिल घ्या, कारण यात नववीच्या पलीकडचं काही नाही.

चंद्राचं पृथ्वीच्या केंद्रापासूनचं सरासरी अंतर ३,८४,४०० किलोमीटर. पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर. म्हणजे चंद्र आपल्यापेक्षा पृथ्वीच्या केंद्रापासून साधारण साठपट लांब आहे. न्यूटनच्या नियमानुसार ओढ अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते. अंतर साठपट, तर ओढ साठ गुणिले साठ, म्हणजे ३,६०० पटीने कमी व्हायला हवी. जमिनीजवळ हातातून सुटलेली वस्तू पहिल्या सेकंदात ४.९ मीटर पडते. त्याला ३,६०० ने भागा. १.३६ मिलिमीटर येतात. न्यूटनचा नियम खरा असेल, तर चंद्र एका सेकंदात पृथ्वीकडे इतकाच पडला पाहिजे.

तो पडतो का? हे तपासायला गुरुत्वाकर्षणाचं काहीच माहीत असावं लागत नाही, फक्त चंद्राची वाट माहीत हवी. त्याच्या कक्षेचा परीघ सुमारे २४ लाख १५ हजार किलोमीटर. ताऱ्यांच्या संदर्भात एक फेरी पुरी करायला २७.३ दिवस लागतात. भागाकार केला की वेग येतो, सेकंदाला सुमारे १,०२३ मीटर. आता चंद्र एक सेकंद सरळ गेला असता तर तो वर्तुळावरून किती बाहेर पडला असता, ते काढायचं. वेगाचा वर्ग करून त्याला कक्षेच्या व्यासाने भागलं की ते मिळतं. उत्तर पुन्हा १.३६ मिलिमीटर.

एका बाजूला हातातून सुटलेला दगड, दुसऱ्या बाजूला आकाशातला चंद्र, आणि दोन वेगळ्या वाटांनी आलेली उत्तरं जुळतात. खालच्या जगाचे नियम वेगळे आणि आकाशातले वेगळे, ही समजूत या जुळणीने कायमची मोडीत निघाली. न्यूटनने 'प्रिन्सिपिया'च्या तिसऱ्या भागात हाच हिशेब मिनिटाचा धरून केला आहे. चंद्र एका मिनिटात जितका पडतो, तितकाच दगड एका सेकंदात पडतो. दगडाचा आकडा त्याने शास्त्रज्ञ ह्युगेन्सच्या लंबकाच्या प्रयोगांवरून घेतला होता. सेकंदाला एक किलोमीटरहून अधिक आडवी चाल आणि मिलिमीटरभर पडणं, हे प्रमाण लक्षात ठेवण्याजोगं आहे. कक्षा इतकी मोठी आणि चंद्राचं वळणं इतकं सावकाश का, ते त्यातून दिसतं.

यातली एक बाजू काढून घेतली तर काय होईल, हेही गणिताने सांगता येतं. पृथ्वीची ओढ या क्षणी नाहीशी झाली तर चंद्र स्पर्शिकेवरून निघेल आणि रोज ८८ हजार किलोमीटर कापत दूर जाईल. उलट त्याची आडवी चाल काढून घेतली आणि ओढ ठेवली, तर पाच दिवसांच्या आत तो पृथ्वीवर आदळेल. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला जवळजवळ ३० किलोमीटर धावते आणि त्या सेकंदात सूर्याकडे सुमारे ३ मिलिमीटर पडते. तिची चाल थांबली तर ती ६५ दिवसांत सूर्यात जाईल.

भास्कराचार्यांचं नाव इथे येणं साहजिक आहे. ११५० मध्ये लिहिलेल्या 'सिद्धान्तशिरोमणि'च्या गोलाध्यायात त्यांनी पृथ्वीच्या अंगी ओढण्याची शक्ती असल्याचं स्वच्छ सांगितलं आहे. आधार नसलेली जड वस्तू पृथ्वी आपल्याकडे ओढून घेते, म्हणून ती पडल्यासारखी दिसते. मग सगळीकडे सारखंच आकाश असताना खुद्द पृथ्वी कुठे पडेल, असा प्रश्नही ते विचारतात. चाळीसगावजवळच्या पाटण इथे त्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केला. तिथला शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. हा वारसा आपला आहे आणि त्याचा अभिमान वाटायलाच हवा. पण न्यूटनच्या पाचशे वर्षं आधी गुरुत्वाकर्षणाचा नियम सांगितला गेला होता, असं मोबाइलवर फिरणारं विधान भास्कराचार्यांनाही न्याय देत नाही. पृथ्वीची ओढ चंद्रापर्यंत पोचते, अंतराप्रमाणे ती अमुक दराने घटते आणि तीच चंद्राला कक्षेत ठेवते, असं त्यांनी म्हटलेलं नाही. आकाशस्थ गोल रोज पूर्वेकडून पश्चिमेला फिरतात ते प्रवह नावाच्या वायूमुळे, ही सिद्धान्तग्रंथांची परंपरागत मांडणी होती. म्हणजे ओढ ओळखली गेली होती, पण जडत्वाच्या जागी इथेही एक ढकलणारा उभा होता. युरोपात केप्लरने तेच केलं. यात कमीपणा कोणालाच नाही. गोष्टच तशी अवघड होती.

चंद्राच्या गोष्टीत सूर्याला आणलं की आणखी एक पेच पडतो, आणि तो फारसा कोणी सांगत नाही. सूर्याचं द्रव्यमान पृथ्वीच्या ३ लाख ३३ हजार पट. चंद्रापासून तो पृथ्वीपेक्षा साधारण ३८९ पट लांब. ३८९ चा वर्ग सुमारे दीड लाख. भागाकार केला की दिसतं, सूर्य चंद्राला पृथ्वीच्या सव्वादोनपट जोराने ओढतो! मग सूर्य त्याला पळवून का नेत नाही? कारण सूर्य पृथ्वीलाही तसाच ओढत असतो. पृथ्वी आणि चंद्र दोघेही सूर्याकडे जवळजवळ एकाच दराने पडत आहेत, त्यामुळे त्यांच्या आपसातल्या नात्याला फारसा धक्का बसत नाही. सूर्याकडून पाहिलं तर चंद्राची वाट कधीच मागे वळसे घेत नाही. ती सूर्याभोवतीची जवळजवळ गोल वाटच असते, पृथ्वीमुळे किंचित कमीजास्त वळलेली, आणि कोणत्याही क्षणी ती सूर्याच्याच बाजूला वाकलेली असते. पुस्तकांत काढतात ती स्प्रिंगसारखी वळसेदार वाट चुकीची आहे.

'एकाच दराने पडणं' हा या सगळ्याचा कणा आहे. वस्तू जड असेल तर पृथ्वी तिला जास्त जोराने ओढते, पण जड वस्तूचं जडत्वही तेवढंच जास्त असतं, ती वळायला तेवढीच नाखूश असते. दोन्ही गोष्टी बरोब्बर एकाच प्रमाणात वाढतात, म्हणून पडण्याचा दर वजनावर अवलंबून राहत नाही. २ ऑगस्ट १९७१ रोजी अपोलो १५ चा अंतराळवीर डेव्हिड स्कॉट चंद्रावर उभा राहिला, एका हातातून हातोडी आणि दुसऱ्यातून ससाण्याचं पीस एकदम सोडलं. हवा नसल्यामुळे दोन्ही एकाच वेळी जमिनीला टेकली. चंद्राच्या जागी एखादा धोंडा ठेवला आणि त्याला तोच वेग दिला, तर तोही जवळपास चंद्राच्याच वाटेने फिरेल.

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकातले अंतराळवीर तरंगतात ते याच कारणाने. तिथे गुरुत्वाकर्षण नसतं, हा दुसरा रुजलेला गैरसमज. स्थानक जमिनीपासून फक्त चारशे किलोमीटरवर आहे आणि तिथली ओढ जमिनीवरच्या ओढीच्या जवळपास ८९ टक्के आहे. तीच नसती तर स्थानक सरळ रेषेत निघून गेलं असतं. माणसं, पाण्याचे थेंब, भिंती, सगळे सेकंदाला सुमारे ७.७ किलोमीटरच्या चालीने पुढे जात बरोबरीने पडत असतात, म्हणून कोणी कोणावर टेकत नाही. न्यूटनने हे चित्र तीनशे वर्षांपूर्वी रेखाटलं होतं. हवेच्या वर डोकं काढणारा एक उंच डोंगर, त्यावर आडवी रोखलेली तोफ. हे चित्र ज्या पुस्तकात आहे ते त्याच्या निधनानंतर, १७२८ मध्ये छापलं गेलं. गोळा जोरात सोडावा तसा तो लांब पडतो. पण पृथ्वी गोल आहे. दर ७.९ किलोमीटरला तिचा पृष्ठभाग सरळ रेषेखाली ४.९ मीटर झुकतो. गोळ्याचा वेग सेकंदाला ७.९ किलोमीटर झाला की तो सेकंदाला ४.९ मीटर पडतो आणि जमीनही तेवढीच खाली गेलेली असते. पडणं चालूच, जमीन गाठणं नाही. ७.९ पेक्षा वेग जास्त असेल तर वाट लंबवर्तुळ होते, ११.२ झाला तर गोळा परतच येत नाही.

किती वेग लागेल हे ओढीवर ठरतं, आणि त्यामुळे कक्षा हे ग्रह तोलायचं साधन बनतं. गॅलिलिओला १६१० मध्ये गुरूचे जे चार चंद्र दिसले, त्यांतला आयो गुरूपासून ४ लाख २२ हजार किलोमीटरवर आहे, म्हणजे आपल्या चंद्राइतकाच लांब, किंचित जास्तच. पण आपला चंद्र जी फेरी २७.३ दिवसांत करतो, ती आयो पावणेदोन दिवसांत करतो. आपल्या चंद्राइतका सावकाश फिरला तर तो गुरूवर जाईल. एवढ्या माहितीवरून गुरूचं द्रव्यमान पृथ्वीच्या ३१८ पट असल्याचं निघतं. गुरूवर पाय न ठेवता गुरू तोलला जातो.

कक्षा अगदी गोल क्वचितच असतात, आणि तिथे ओढ आणि चाल यांचा खेळ जास्त स्पष्ट दिसतो. पृथ्वी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सूर्याच्या सर्वांत जवळ, १४ कोटी ७१ लाख किलोमीटरवर असते आणि सेकंदाला ३०.३ किलोमीटर धावते. जुलैच्या सुरुवातीला ती १५ कोटी २१ लाख किलोमीटरवर असते, तेव्हा वेग २९.३ पर्यंत उतरतो. सूर्याकडे येताना पडण्यातून वेग मिळतो, दूर जाताना तोच खर्च होतो. जवळ आली म्हणून ती सूर्यात जात नाही, कारण जवळ येता येता वाढलेला वेगच तिला पुन्हा बाहेर काढतो.

हा सेकंदाला एका किलोमीटरचा फरक आपल्या पंचांगात रोखठोक उमटलेला आहे. सूर्याला एका राशीतून दुसऱ्या राशीत जायला उन्हाळ्यात ३१ दिवसांहून जास्त लागतात, पण हिवाळ्यात, पृथ्वी वेगात असताना, हा काळ चांद्रमासाच्या २९.५ दिवसांपेक्षाही किंचित कमी होतो. ज्या चांद्रमासात एकही संक्रांत, म्हणजे सूर्याचा राशिप्रवेश, पडत नाही तो अधिक मास. राशींचे हे सौरमास लांबलेले असताना असं सहज घडतं, म्हणून अधिक मास बहुधा चैत्र ते आश्विन या काळात येतो. २०२३ मध्ये तो श्रावणाला जोडून आला होता. उलट एकाच चांद्रमासात दोन संक्रांती बसल्या तर क्षयमास होतो, आणि ते फक्त हिवाळ्यातच शक्य आहे. मागच्या शतकात १९६३-६४ आणि १९८२-८३ या वर्षांत क्षयमास आले. पंचांगकर्त्यांनी शतकानुशतकं जपलेली ही विषमता म्हणजे ग्रह सूर्याजवळ असताना जलद चालतो हे सांगणारा केप्लरचा दुसरा नियमच.

२०२३ चा तोच अधिक श्रावण चालू असताना चांद्रयान-३ चंद्राच्या कक्षेत शिरलं. १४ जुलैला श्रीहरिकोटाहून निघालेलं यान आधी पृथ्वीभोवतीच लांबट घिरट्या घेत राहिलं. यान पृथ्वीच्या सर्वांत जवळ आलं की इंजिन थोडा वेळ चालवायचं, थोडा वेग वाढवायचा, की पुढच्या फेरीत ते आणखी दूर जातं. १ ऑगस्टला शेवटचा जोर देऊन ते चंद्राच्या वाटेला लागलं. बाकी जवळजवळ सगळा प्रवास इंजिन बंद. जडत्वाने पुढे जायचं आणि गुरुत्वाकर्षणाने वळायचं, चंद्र करतो तेच. ५ ऑगस्टला चंद्राजवळ पोचल्यावर सुमारे अर्धा तास इंजिन चालवलं, ते वेग कमी करण्यासाठी. तसं केलं नसतं तर यान चंद्राजवळून नुसतं निघून गेलं असतं. मंगळयानाचंही तेच झालं होतं. २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळाजवळ सुमारे २३ मिनिटं इंजिन चालवून सेकंदाला सुमारे १.१ किलोमीटर वेग उतरवला, तेव्हा कुठे मंगळाने त्याला धरलं. अंतराळात थांबायलाही इंधन लागतं, ही जडत्वाची किंमत इस्रोला दर मोहिमेत मोजावी लागते.

पण मुळात ग्रहांना ही आडवी चाल आली कुठून? न्यूटनने त्याचं श्रेय ईश्वराला दिलं होतं. आज उत्तर असं आहे की साडेचार अब्ज वर्षांपूर्वी वायू आणि धुळीचा एक प्रचंड ढग सावकाश फिरत होता. तो आकसत गेला तसा त्याचा फिरण्याचा वेग वाढला आणि तो चपट्या तबकडीसारखा झाला. ज्या द्रव्याची आडवी चाल कमी पडली ते मध्यभागी कोसळून सूर्य झालं. सूर्यमालेचं ९९.८ टक्के द्रव्यमान आज सूर्यातच आहे. आठही ग्रह एकाच दिशेने, जवळजवळ एकाच प्रतलात फिरतात, ती त्या ढगाची खूण.

न्यूटनच्या मांडणीला विसाव्या शतकात एक मोठी भर पडली. बुधाची कक्षा न्यूटनच्या गणितापेक्षा शतकाला ४३ विकला, म्हणजे अंशाचा अगदी छोटा भाग, जास्त सरकते. जडत्व आणि गुरुत्व इतके तंतोतंत जुळतात हा योगायोग नसावा, असं धरून आइन्स्टाइनने नवा सिद्धान्त रचला, आणि १९१५ मध्ये त्यातून हे ४३ विकला बाहेर पडले. पण चंद्र, उपग्रह आणि यानं चालवायला न्यूटन आजही पुरतो.

कक्षा कायमच्या नसतात, हेही सांगायला हवं. चंद्रामुळे समुद्राला भरतीचे फुगवटे येतात. पृथ्वी चंद्राच्या फेरीपेक्षा फार लवकर स्वतःभोवती फिरते, त्यामुळे फुगवटा चंद्राच्या थोडा पुढे नेला जातो आणि तिथून तो चंद्राला पुढे ओढतो. त्या ओढीने चंद्र हळूहळू मोठ्या कक्षेत सरकतो. अपोलो ११, १४ आणि १५ च्या अंतराळवीरांनी ठेवलेल्या परावर्तकांवर पृथ्वीवरून लेसर टाकून हे मोजलं गेलं आहे. चंद्र दरवर्षी ३.८ सेंटिमीटर दूर जातो. चांद्रयान-३ च्या विक्रम लँडरवरही नासाचा एक छोटा परावर्तक आहे, आणि १२ डिसेंबर २०२३ रोजी चंद्राभोवती फिरणाऱ्या नासाच्या यानाने त्यावरून परतलेला लेसर टिपला.

मंगळाच्या फोबोसचं नेमकं उलट चाललं आहे. १८७७ मध्ये असाफ हॉलला सापडलेला हा चंद्र मंगळाच्या केंद्रापासून अवघ्या ९,४०० किलोमीटरवर आहे आणि ७ तास ३९ मिनिटांत फेरी पुरी करतो. मंगळाचा दिवस साडेचोवीस तासांहून थोडा मोठा. म्हणजे इथे फुगवटा चंद्राच्या मागे पडतो आणि त्याला मागे खेचतो. त्यामुळे फोबोस शंभर वर्षांत सुमारे १.८ मीटर मंगळाच्या जवळ येतो. सुमारे पाच कोटी वर्षांत तो एकतर मंगळावर आदळेल किंवा त्याआधीच त्याचे तुकडे होऊन मंगळाभोवती कडं तयार होईल.